केळीचं एक झाड नसलेलं केळीचं गाव

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रोज केळीचे भाव येतात, नवती (नव्या लागवडीची केळी) इतके, पिलबाग (आधीच्या झाडाच्या पिलावर घेतलेली) इतके, आणि मी रिटायर होऊन एवढी वर्षं झाली तरी सकाळी चहासोबत आधी तेच बघतो, कारण नोकरीतली बरीच वर्षं मी रेल्वेत गुड्स क्लार्क होतो आणि सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर केळीच्याच वॅगनी बुक केल्या. इंडेंट म्हणजे वॅगनीची मागणी घ्यायची, रेक म्हणजे मालगाडी लागली की रात्र असो की पाऊस हजर राहायचं, आरआर म्हणजे मालाची रेल्वे पावती फाडायची. त्यामुळे आज जे लिहितोय ते जरा लांबलं तर सांभाळून घ्या पण शक्यतो छापा.

माझी मुलगी अमेरिकेत मेम्फिसला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावई एका रविवारी म्हणाले बाबा, तुम्हाला तुमच्या कामाचं एक गाव दाखवतो. हायवे ५१ ने दोन-अडीच तास गाडी चालवून आम्ही फुल्टन नावाच्या गावी पोचलो, केंटकी राज्यात. तिथे याला शहर म्हणतात पण लोकवस्ती फक्त अडीच हजाराच्या आसपास, आपल्याकडचं मध्यम खेडंही याच्यापेक्षा मोठं निघेल. आणि मजा म्हणजे रस्ता ओलांडला की साउथ फुल्टन, ते टेनेसी राज्यात, तेही साधारण तेवढंच. म्हणजे गाव एकच, बाजार एकच, लोक एकमेकांचे नातेवाईक, पण मधून राज्याची हद्द जाते म्हणून दोन नगरपालिका, दोन पोलीस, दोन कायदे. मला लगेच आपलं रावेर आणि तिकडचं मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर आठवलं, तिथेही बागा सारख्याच, सोयरीक सारखी आणि मधे राज्याची हद्द, फरक एवढाच की आपल्याकडे मधे थोडं अंतर आहे.

आता या गावाची खरी गोष्ट. थंडीत बर्फ पडणारा मुलूख, केळीचं एक खोड तिथे जगणार नाही. तरी हे गाव स्वतःला जगाची केळी राजधानी म्हणवून घ्यायचं. कारण रेल्वे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून केळी जहाजाने न्यू ऑर्लिन्स बंदरात उतरायची आणि तिथून इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या गाड्यांनी उत्तरेला शिकागोकडे जायची. तेव्हा आजच्यासारखे एसी कंटेनर नव्हते, डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फ भरायची पेटी असायची आणि वरून झाकण उघडून बर्फाच्या लाद्या टाकायच्या. आठशे-साडेआठशे किलोमीटर आल्यावर बर्फ वितळून जाणारच, मग तो पुन्हा भरायचं ठिकाण म्हणजे फुल्टन. तिथे मोठं बर्फघर होतं, गाडी लागली की माणसं डब्यांवर चढून लाद्या ढकलायची, माल तपासायचा, कुठला डबा कुठल्या गावाला ते ठरायचं आणि गाडी पुढे. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या केळ्यांपैकी ७० टक्के केळी एके काळी आमच्या यार्डातून गेली असं तिथले लोक सांगतात.

आणि हिवाळ्यात उलटं काम. तेव्हा बर्फ नाही तर डब्यात हीटर ठेवायचे, कारण केळीला १३ डिग्रीच्या खालची थंडी चालत नाही, साल काळी पडते. हे वाचून आपल्या बागाईतदारांना नवल वाटणार नाही, डिसेंबर-जानेवारीत आपल्या बागांचं काय होतं ते त्यांनाच माहीत आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला काय होतं तेही. मला मात्र त्या यार्डाकडे बघताना आमचे हमाल दिसत होते, सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारे, डब्यात केळीची पानं अंथरून हिरवे घड एकावर एक असे रचायचे की हजार किलोमीटरवर दिल्लीला पोचेस्तोवर एक फणी दबली नाही पाहिजे, आणि ते काम कोणी त्यांना शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आज कुठल्या कागदावर सापडणार नाही याचं मला फार वाईट वाटतं.

फुल्टनकरांनी काय केलं तर १९६० च्या दशकात केळी महोत्सव सुरू केला. केळी पिकवणाऱ्या देशांतून पाहुणे बोलवायचे, मिरवणूक काढायची आणि केळी, बिस्किट, कस्टर्ड यांचे थर लावून एक टनाचं पुडिंग बनवायचं, त्यांचा टन म्हणजे आपले ९०० किलोच्या वर, ते मिरवणुकीत फिरवून सगळ्या गावाला फुकट वाटायचं. आपल्याकडे हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते ना, वांगी भाजायला एक, कळण्याच्या भाकरी थापायला चार जणी, आणि जो वाटेने जाईल त्याला हाक मारून बसवायचं, तसंच ते, फक्त अख्ख्या गावाचं.

सगळंच तिथलं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. २०१० साली साउथ फुल्टनच्या हद्दीबाहेरचं एक घर पेटलं, त्या घरमालकाने फायर ब्रिगेडची वर्षाची ७५ डॉलर फी भरली नव्हती, म्हणून बंब आला तो फी भरलेल्या शेजाऱ्याचं वाचवायला आणि हे घर डोळ्यासमोर जळून गेलं. त्याची चर्चा पूर्ण अमेरिकेत झाली होती. नियमात बसत असेल, मला ते पटलं नाही आणि पटणारही नाही. आपल्याकडे कडब्याच्या गंजीला आग लागली तर भावकीत बोलणं बंद असलेला माणूस पण बादली घेऊन धावतो.

पुढे काय झालं तर रेफ्रिजरेशनचे डबे आले, ट्रक आले, बर्फाची गरज संपली आणि गावाचं काम गेलं. १९९० च्या दशकात महोत्सवही बंद पडला. नंतर गावातल्याच लोकांनी तो परत सुरू केला, सप्टेंबरमध्ये भरतो, पुडिंग अजून एक टनाचंच. आम्ही गेलो तेव्हा महोत्सवाचे दिवस नव्हते, स्टेशनवर शुकशुकाट होता, पॅसेंजर गाडी दिवसातून एकेकदा येते-जाते तीही मध्यरात्रीनंतर. पण एका म्हाताऱ्या माणसाशी जावयांमार्फत बोलणं झालं, त्याचा बाप डब्यांवर चढून बर्फ भरायचा. मी सांगितलं की मी भारतात केळीच्या वॅगनी भरून पाठवायचो, तर त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

साहेब, मला तेव्हापासून एकच गोष्ट टोचते. ज्यांच्या गावातून केळी नुसती पुढे जायची त्यांनी एवढं जपलं आणि आपल्याकडे केळी पिकते, जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा-फैजपूर रस्त्याला दर थोड्या अंतरावर केळी वेफर्सची कढई लागलेली दिसते, तरी आपल्या केळीच्या रेल्वेचा इतिहास एका खोलीत मांडलेला नाही. आता बराचसा माल ट्रकने जातो, मधे शेतमालासाठीची किसान रेल आली आणि थांबली. वॅगनीसाठी रात्र रात्र जागलेले शेतकरी, फळबागाईतदार युनियनचे जुने कारकून, हमाल, सगळे आता सत्तरीच्या पुढचे आहेत, दर हिवाळ्याला त्यातले दोन-चार कमी होतात.

म्हणून माझी विनंती आहे, फळबागाईतदार युनियन, ग्रामपंचायती, नगरपालिका आणि रेल्वेने मिळून वर्षातला एक दिवस तरी केळीचा ठेवावा, सावद्याला ठेवा की रावेरला यावरून भांडू नये, बुऱ्हाणपूरवाल्यांनाही बोलवावं. त्या दिवशी राजकीय भाषणं कमी आणि हमालांचा सत्कार आधी. आणि त्याच्याही आधी, आपल्या पेपरने वाचकांना आवाहन करावं की ज्यांच्या घरी जुन्या आरआर, युनियनच्या पावत्या, लोडिंगचे फोटो असतील त्यांनी ते रद्दीत घालू नये. माझ्याकडे माझ्या हाताने लिहिलेल्या अकरा डायऱ्या आहेत, तारीख, वॅगन नंबर, कुठून भरली, कुठे गेली सगळं आहे. कोणी खोली दिली तर पहिल्या दिवशी त्या आणून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव