हिंगूळ घरात ठेवायला काय हरकत आहे?

संपादक महोदय,

खनिजं जमवायच्या छंदावर तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला, बाकी मस्त होता पण पाऱ्याच्या खनिजांना 'विषारी, लांबच राहा' म्हणून एका ओळीत उडवून लावलंत ते काही पटलं नाही. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, काचेच्या कपाटात ठेवलेला स्फटिक कुणाच्या वाटेला जात नाही, हाताळला तर हात धुवायचे इतकंच. घोळ होतो तो तापवल्यावर. तेव्हा पाऱ्याची वाफ निघते, तिला ना रंग ना वास, आणि ती फुफ्फुसातून थेट रक्तात. काही नमुन्यांत दगडाच्या भेगांत पाऱ्याचे चक्क थेंब चमकत असतात, जरा धक्का लागला की घरंगळतात, ते मात्र घट्ट झाकणाच्या डबीतच पाहिजेत आणि सांडले तर कृपा करून व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पारा हवेत पसरतो.

दुसरं म्हणजे ऊन. हिंगुळाचा लालभडक रंग उजेडात हळूहळू काळवंडतो, आणि टेक्सासच्या टर्लिंग्वातलं पिवळं एग्लेस्टोनाइट, हेही पाऱ्याचंच खनिज, ते तर पार काळं पडतं, म्हणून जाणकार मंडळी हे सगळं ड्रॉवरमध्ये ठेवतात (शोकेसचा मोह आवरत नाही हे मान्य).

आणि सगळ्यात महत्त्वाची ती नमुन्यासोबतची, खाणीचं नाव लिहिलेली मळकी चिठ्ठी, जी लोक नमुना हातात आला की बिनधास्त फेकून देतात! स्पेनचं अल्मादेन घ्या किंवा स्लोव्हेनियातलं इद्रिया, जिथे १४९० च्या सुमारास पारा सापडला, दोन्ही खाणी बंद पडल्यात, २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. नवा माल येणार कुठून, जुनेच संग्रह या हातातून त्या हातात फिरतायत आणि खाणीचं नाव गेलं की उरतो नुसता लाल दगड, मग कितीही देखणा असू दे.

मग स्वतःच जाऊन उचलू म्हणाल तर कॅलिफोर्नियातलं न्यू अल्मादेन, जिथला पारा गोल्ड रशमध्ये, म्हणजे सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीत, सोनं काढायला जायचा, तिथे आता सरकारी पार्क आहे, दगड उचलायला मनाई. कॅलिफोर्नियातलीच दुसरी पाऱ्याची खाण न्यू इड्रिया २०११ पासून अमेरिकेच्या सुपरफंड यादीत, म्हणजे प्रदूषण साफ करायच्या जागांमध्ये. भट्टीत भाजून उरलेल्या दगडाच्या ढिगाऱ्यात हातोडी घेऊन धूळ उडवत बसण्यापेक्षा चिठ्ठीसकट जुना नमुना विकत घेतलेला कधीही परवडला.

आपला,
एक खनिजवेडा वाचक