स्कोप-कॅमेरा अ‍ॅडॉप्टरबद्दल तक्रार, नळी बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

स्पॉटिंग स्कोपच्या (लांबचे पक्षी बघायच्या एकनळी दुर्बिणीच्या) आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भागाला, छोटा डिजिटल कॅमेरा जोडायचा तुमचा अ‍ॅडॉप्टर मी घेतला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलंय की कुठलाही स्कोप चालेल, कुठलाही कॅमेरा चालेल, कोपरे काळे पडणार नाहीत. माझ्या फोटोत चारही कोपरे काळे येतायत आणि वर डावी बाजू कायम धूसर. आधी मेल केला तर उत्तर आलं की कॅमेऱ्याचा झूम वाढवा, नाही जमलं तर आयपीसचा वाढवा. म्हणून आता सविस्तर लिहितोय, प्लीज हे पत्र तुमच्या टेक्निकल माणसाला दाखवा.

कॅमेरा वाइडला, म्हणजे सगळ्यात कमी झूमवर असताना मधे गोल चित्र आणि भोवती काळं दिसतं हे डिजिस्कोपिंग (स्कोपमधून कॅमेऱ्याने फोटो काढणं) करणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, तक्रार त्याची नाहीच. माझ्या कॅमेऱ्याचा झूम ३५ ते १०५ मिमीच्या बरोबरीचा आहे, १०५ ला नेला की काळं जायला हवं, आणि तुमचा अ‍ॅडॉप्टर न लावता कॅमेरा नुसता हाताने आयपीससमोर नीट धरला की जातंही! तोच स्कोप, तोच २०एक्स (स्कोपचा २० पट झूम), तोच उजेड. अ‍ॅडॉप्टर चढवला की काळं परत हजर. मग दोष कॅमेऱ्याचा कसा?

मी मोजून बघितलं. माझ्या आयपीसचा आय रिलीफ १८ मिमी आहे, म्हणजे काचेपासून तेवढ्या अंतरावर सगळा प्रकाश एका छोट्या वर्तुळात गोळा होतो आणि कॅमेऱ्याच्या लेन्सचं छिद्र शक्य तितकं तिथेच यायला हवं. तुमच्या अ‍ॅडॉप्टरच्या नळीत कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण बाहेर आलेली असतानाही तिची पुढची काच आयपीसपासून ३१ मिमीवर राहते, छिद्र तर त्याच्याही मागे, आणि नळी पुढेमागे सरकवायची काही सोयच नाही. पुढची काच ८० मिमीची असलेल्या स्कोपला २०एक्सवर ते प्रकाशाचं वर्तुळ जेमतेम ४ मिमीचं असतं, त्यामुळे कॅमेरा मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाजूला गेला तरी फोटोत लगेच कळतं. तुम्ही घट्ट करायला एकच स्क्रू दिलाय, तोही एकाच बाजूने, तो पिळला की कॅमेरा दुसरीकडे ढकलला जातो. तीन स्क्रू असते तर मधोमध तरी बसवता आला असता. स्क्रूचं टोक उघडं धातूचं आहे, माझ्या आयपीसवर ओरखडाही पडलाय.

आयपीसचा झूम वाढवा म्हणता, तर ६०एक्सला तेच वर्तुळ १.३ मिमीचं होतं आणि माझ्या सेटअपमधे प्रकाश २०एक्सच्या एक नवमांश उरतो, जिथे १/२५० चा शटर मिळत होता तिथे १/३० च्या आसपास येतो, आणि फोकल लेंथ होते ६० गुणिले १०५, म्हणजे ६३०० मिमीच्या बरोबरीची. ट्रायपॉड कितीही भक्कम असू दे, सेल्फ टायमर लावा, रिमोट लावा, थोडा वारा असला तरी फोटो हलतोच. हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी स्कोपमधून फोटो काढून बघावा ही माझी मनापासून विनंती आहे.

मला एवढं लागतंय कारण लांबच्या चिखलात बसलेल्या पाणपक्ष्याच्या पायातली ओळखीची नंबरवाली रिंग वाचायची तर हाच मार्ग आहे, जवळ गेलं की तो उडतो आणि त्याला उगाच त्रास. रिंगवरचे आकडे नेमके धूसर बाजूला आले की सगळी मेहनत पाण्यात.

मला आखूड किंवा सरकती नळी आणि नायलॉन टोकाचे तीन स्क्रू पाठवा, नाहीतर अ‍ॅडॉप्टर परत घ्या आणि पाठवायच्या खर्चासकट पूर्ण पैसे द्या, कूपन नकोय. आणि प्रॉडक्ट पेजवरचं “कुठलाही कॅमेरा” काढून आयपीस ते लेन्स हे अंतर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती ते मिमीमधे लिहा, तो एक आकडा आधी दिसला असता तर मी हा घेतलाच नसता.

अ‍ॅडॉप्टर लावून आणि न लावता काढलेले फोटो, पट्टी धरून काढलेला नळीचा फोटो आणि बिल सोबत जोडलंय. उत्तर लेखी द्या, फोनवर नको.

तुमचा ग्राहक