ऑपरेशनला जाण्याआधी, चि. बाळास

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

टाटा हॉस्पिटलची तारीख पक्की झाली हे तुला फोनवर सांगितलंच. पण फोनवर सगळं बोलता येत नाही. तुझे बाबा शेजारी बसलेले असतात, आणि गाठीचा विषय निघाला की उठून अंगणात जातात. तूही "ते छातीचं" म्हणून पुढे सरकतोस. म्हणून लिहायला बसले. मला डाव्या बाजूच्या स्तनाचा कॅन्सर आहे आणि त्याचं ऑपरेशन आहे. हे वाक्य तू एकदा तोंडाने म्हणून बघ. केसपेपरच्या खिडकीवर, रक्ततपासणीला, भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे, सगळीकडे तुला ते म्हणावं लागणार आहे. तिथे संकोचू नकोस. परळच्या त्या इमारतीत 1941 सालापासून हे आजार बघतात, तुझ्या बोलण्याने कोणी मान वर करून बघणारसुद्धा नाही.

तू म्हणालास, "मी येतोच, पण वॉर्डात मावशी थांबेल, बायकांचं काम आहे." रात्री मावशीच थांबेल, बायकांच्या वॉर्डात रात्री बाईमाणूस लागतं. दिवसा मात्र मला तू हवास. मावशीचा माझ्यावर फार जीव, पण ती डॉक्टरांसमोर रडायला लागते आणि त्यांनी काय सांगितलं ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. सूनबाईला ओढून आणू नकोस. छकुली अजून अंगावर पिते, तिला सोडून येणं सूनबाईला जड जाईल आणि तिला घेऊन दवाखान्यात येणं त्याहून वाईट. तू एक वही घे. डॉक्टर बोलतील ते त्यांच्यासमोरच लिहून काढ. समजलं नाही तर पुन्हा विचार. मी वर्गात पोरांना हेच सांगत आले.

आणि ते जे सांगतील ते आधी मला. मला सोडून काकांना, आत्याला, बाबांना सांगायचं आणि मला "सगळं ठीक आहे" म्हणायचं, असं करू नकोस. आपल्याकडे आजारी माणसाला सर्वांत शेवटी कळतं, आणि त्याला माया म्हणतात. मला ती माया नको. आपल्या गल्लीतल्या एका बाईला शेवटपर्यंत "गाठ साधी आहे" असं सांगत राहिले. लेकीचं, शेताचं, कोणाला काय द्यायचं याचं एकही बोलणं तिला करता आलं नाही. मला वाईट बातमी झेपेल. तुमचे चेहरे वाचत पडून राहणं झेपणार नाही.

1987 साली बार्शी, परांडा आणि भूम या भागात देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा मी नुकतीच शाळेत लागले होते. त्या कामातली माणसं गावोगाव जायची. न दुखणारी गाठ असेल तर दुखेपर्यंत थांबू नका, हे ऐकलं ते तेव्हापासून डोक्यात बसलं. म्हणून या वेळी आंघोळीत हाताला गाठ लागली तेव्हा मी नवस बोलले नाही की काढा घेतला नाही. बार्शीला जाऊन दाखवलं, मॅमोग्राफी केली, सुईने तुकडा काढून दिला. गाठ दोन सेंटिमीटरच्या आतली आहे. ऑपरेशन बार्शीतही झालं असतं. मुंबईला जातेय ते मावशीचं घर लालबागला आहे म्हणून. पुढे किरणं, म्हणजे रेडिएशन, घ्यायला रोज जायचं तर तिथून सोयीचं.

आता किरणांचं, म्हणजे माझ्या निर्णयाचं. आत्या रोज फोन करून सांगते, "सगळंच काढून टाक, कटकट संपली." कोणी म्हणतं, या वयात ठेवून करायचंय काय? बाळा, हे ऐकून मला राग येतो. माझं शरीर बासष्ट वर्षांचं झालं म्हणून ते माझं राहिलं नाही का? मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं की फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढला तर जीव धोक्यात जातो का. त्यांनी नीट समजावलं. पूर्वी सरसकट सगळा स्तन, काखेतल्या गाठी (म्हणजे लसिकाग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात) आणि छातीचा स्नायूसुद्धा काढत. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी दोन्ही प्रकारच्या ऑपरेशनांची वर्षानुवर्षं तुलना केली. वीस वर्षांचे निकाल 2002 साली छापून आले. लहान गाठ असेल आणि नंतर किरणं घेतली तर स्तन राखूनही बायका तितक्याच जगल्या. परत त्या जागी गाठ येण्याची शक्यता थोडी जास्त राहते, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. म्हणूनच किरणं टाळायची नाहीत. माझ्यासाठी ती साधारण तीन आठवडे असतील, आठवड्याचे पाच दिवस.

गावाकडच्या कितीतरी बायका केवळ तेवढे दिवस शहरात राहायची सोय नाही म्हणून सगळं काढून घेतात. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, तरी सगळ्यांना जागा कुठून पुरणार? मला बहिणीचं घर आहे. त्या सोयीचा उपयोग मी करणार.

एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेव. काढलेल्या तुकड्याच्या कडेला आजार निघाला तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, प्रसंगी पूर्ण स्तन काढावा लागतो. संमतीपत्र मी वाचेन, सही माझी असेल. तुला कोणी सही मागितली तर तू साक्षीदाराच्या जागी कर. आणि शुद्धीवर आल्यावर मी विचारेन, "किती काढलं?" तेव्हा खरं ते सांग.

आणखी एक विचारायचंय, तेही वहीत लिहून ठेव. टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा रुग्णालयांत मिळून साधारण 1600 बायकांवर एक अभ्यास केला. गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं, दात काढताना जागा बधिर करतात तेच औषध. सहा वर्षांनंतर जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण त्यामुळे 86 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर गेलं. 2023 साली ते छापून आलं. इतकं स्वस्त औषध, आणि त्याचा हा उपयोग आपल्याच माणसांनी शोधून काढला, याचं मला फार समाधान वाटतं. माझ्या ऑपरेशनात ते देणार का, एवढं विचारायचं.

भूल देण्याआधीच्या तपासण्या होतील, रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, लागला तर टूडी इको. माझ्या गोळ्यांची पाकिटं मी एका पिशवीत घातलीत. नुसती नावं सांगत बसू नकोस, पाकिटंच दाखव. बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, साखरेची कधी थांबवायची, हे तेच ठरवतील. आणि वैद्यांचं सांधेदुखीचं चूर्ण मी घेते, तेही सांग. लोक ते औषधात धरतच नाहीत. कोणी तंबाखू किंवा मिश्री लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं लागतं. मी लावत नाही. मावशी लावते, तिला वॉर्डात डबी आणू देऊ नकोस.

आदल्या रात्रीनंतर जेवण बंद, पाणी कधीपर्यंत चालेल ते सांगतील. "चहाचा एक घोट काय होतो" असं म्हणणारं कोणीतरी निघतंच, तेव्हा तू आडवा ये. पोटात काही असेल तर भुलेत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं.

दागिने घरीच ठेवून येणार. जोडवी घट्ट बसलीत, साबणाच्या पाण्याने निघतात का बघते, नाहीतर सोनाराकडून कापून घेईन. मंगळसूत्रही काढणार. तुझ्या आत्याला हे आवडणार नाही, पण मी तुझ्या बाबांच्याच हातात देणार आहे, आणि ते त्यांना मी सांगून ठेवलंय. त्यांनी नुसती मान हलवली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला मी इतकं गप्प पाहिलं नाही. ते मुंबईला येणार नाहीत, गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. रोज संध्याकाळी त्यांना तू स्वतः फोन कर आणि मला जे सांगशील तेच त्यांना सांग.

कपड्यांचं मी बघितलंय. हात वर करून घालायचं काहीही चालणार नाही, म्हणून शिंप्याकडून पुढून बटणांचे सैल सुती ब्लाऊज आणि दोन गाऊन शिवून घेतले. जुन्या साडीची खांद्याला अडकवायची एक पिशवीही शिवलीय, ती ड्रेनच्या बाटलीसाठी. काखेतल्या गाठी जास्त काढाव्या लागल्या तर तिथे पाणी साठतं. ते बाहेर यावं म्हणून बारीक नळी ठेवतात आणि तिच्या टोकाला बाटली असते. पुष्कळदा ती नळी घेऊनच घरी सोडतात. हे काम तुझं. बाटली कशी रिकामी करायची, हवा काढून परत कशी लावायची, ते सिस्टरांकडून शिकून घे आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखव. रोज ठरलेल्या वेळी किती मिली निघालं ते वहीत तारीख घालून लिही. सुरुवातीला लालसर असेल, मग पिवळट होत जाईल. रोजचं प्रमाण 30 मिलीच्या आसपास उतरलं की नळी काढतात. बाटली अचानक लालभडक रक्ताने भरली, ताप आला, जखमेभोवती लाली किंवा सूज वाढली, तर सकाळची वाट बघू नकोस.

तुला हे करताना अवघड वाटेल, मला माहीत आहे. मी तुझी आई आहे आणि जखम तिथे आहे. पण तू लहानपणी बाभळीवरून पडून मांडी फाडून घेतलीस तेव्हा मी ती धुतली, त्यात मला लाज वाटली नव्हती. तुलाही वाटायचं कारण नाही. फक्त ड्रेसिंग पहिल्यांदा उघडतील तेव्हा मला आधी बघू दे. त्या वेळी तू बाहेर थांब. मी हाक मारली की आत ये.

ऑपरेशनच्या दिवशी मला सकाळी नेलं तरी प्रत्यक्ष नंबर कधी लागेल सांगता येत नाही. काखेतली पहिली गाठ, म्हणजे आजार पसरला तर आधी जिथे पोहोचतो ती, शोधायला निळा रंग टोचतात. ती गाठ तिथल्या तिथे तपासायला पाठवतात, आणि तिच्यात आजार निघाला तर काखेतल्या आणखी गाठी काढतात. म्हणजे वेळ लागला याचा अर्थ काही बिघडलं असा नाही. त्या रंगाने दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते, मावशीला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती वॉर्ड डोक्यावर घेईल. तू वेळेवर खाऊन घे. सगळ्या नातेवाइकांना फोन करत बसू नकोस. काकांना एक फोन, बाकीच्यांना ते कळवतील.

डाव्या हाताला पुढे जपावं लागेल, कारण काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते. भिंतीवर बोटं चढवायचे व्यायाम दुसऱ्या दिवसापासून शिकवतात. मी कंटाळा केला तर मला रागव. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो म्हणे, त्याने घाबरायचं नाही. पाण्याच्या कळशा आणि खुरपणीचं नंतर बघू, तुझ्या बाबांनी यंदा ज्वारीला मजूर सांगूनही ठेवलेत.

सर्जन बाहेर आले की "आता सगळं निघालं ना? बरी झाली ना?" असं त्यांना विचारू नकोस. ते त्या दिवशी सांगताच येत नाही. काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला साधारण दोन आठवडे जातात. ईआर, पीआर आणि हर-टू असे, गाठ कोणत्या जातीची आहे ते सांगणारे, तीन शब्द त्यात असतील. त्यांवरून केमो लागेल का, की पाच वर्षं रोजची गोळी, ते ठरेल. तो रिपोर्ट घ्यायला आपण दोघं मिळून जाऊ. एकटा जाऊन वाचून येऊ नकोस.

मला भीती वाटत नाही असं लिहिणार नाही. भुलेची वाटते. रात्री जाग येते तेव्हा छकुलीचा आवाज ऐकावासा वाटतो, सूनबाईने पाठवलेला तो बोबडा ऑडिओ लावते. पण मला तिला शाळेत जाताना बघायचंय, आणि त्यासाठी जे करायचं ते नीट, डोळे उघडे ठेवून करायचंय. तूही माझ्याबरोबर तसाच राहा.

लातूर एक्सप्रेसची तिकिटं काढलीत. मी आणि काका बार्शीहून बसतो, तू पुण्याला चढ, दादरला उतरून टॅक्सी करू. डबा आणि बर्थ नंबर तुला मोबाइलवर पाठवते. गाडी पुण्याला पहाटे येते, आदल्या दिवशी जागरण करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं आणि बायोप्सीचा रिपोर्ट, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढून आण. मूळ कागद माझ्याकडे आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटायचं, भरती झाल्यावर पळापळ नको. आणि वही कोरी आण, ऑफिसची अर्धी वापरलेली नको.