नाव न सांगता गेलेल्यांना

मंगळवारी आमच्या रोटरी क्लबच्या सभेत व्याख्यान ऐन रंगात आलं आणि लाईट गेली. पाहुण्या निवृत्त नर्सबाई पोलिओ मोहिमेचं सांगत होत्या: बर्फाच्या डब्यातली लस, घरोघरची पायपीट, डोस पाजल्यावर बाळाच्या डाव्या करंगळीला लावलेली शाई. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, इथवर त्या आल्या होत्या. मागून कुणीतरी उठलं आणि बाहेरची रिक्षा वळवून हेडलाईट खिडकीवर मारला. बाई थांबल्यासुद्धा नाहीत. दादा, आभार मानायला बाहेर येतो तोवर तुम्ही पसार!

रविवारी निधीसाठी लावलेल्या पिठलं-भाकरीच्या स्टॉलवर पीठ संपलं, तेव्हा घरून ज्वारीचं पीठ आणून स्वतःच भाकऱ्या थापायला बसलेल्या मावशी, तुमचंही नाव विचारायचं राहिलं. (आमच्या खजिनदारांच्या भाकरीचा नकाशा होत होता, त्यामुळे गिऱ्हाइकंही तुमची ऋणी आहेत.)

आणि ५०० ची नोट चार घड्या घालून डब्यात टाकणारे आजोबा, पावती न घेताच गेलात. ती फाडून ठेवलीय, नावाची जागा कोरी आहे. येत्या मंगळवारी सात वाजता चहाला या.