तुझी रेकॉर्ड माझ्याकडेच होती

प्रिय बाळ्या,

आधी शिव्या देऊन घे, मग वाच. सापडली. सॅम अँड डेव्हची, आपल्या त्या अमेरिकन सोल गाणाऱ्या जोडीची, ‘बॅक ॲट चा’! आईच्या खोलीतला माळा रिकामा करत होतो. फुटका स्टोव्ह, तीन आकाशकंदिलांचे सांगाडे आणि त्याखाली जुन्या पेपरात गुंडाळलेली तुझी रेकॉर्ड. आतल्या पाकिटावर निळ्या बॉलपेननं तुझी सही, खाली दोन रेघा, जसा काय रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर.

म्हणजे चोर मीच. आणि इतकी वर्षं मी गावभर सांगत फिरलो की तुझ्या मेव्हण्यानं ती रद्दीत घातली. तुझ्या लग्नात मी त्याच्या पंगतीलासुद्धा बसलो नव्हतो, आठवतं? जिलबी होती त्या पंगतीला. आता त्याला काय तोंड दाखवू?

पण खरं दुखणं वेगळंच आहे. मेसच्या पायरीवर आपण भांडलो ते. मी म्हणालो होतो, स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी सुटली आणि सॅम अँड डेव्ह संपले, १९७५ सालची ही रेकॉर्ड म्हणजे उतारवयातली कमाई. तू म्हणालास, गाढवा, दुसरी बाजू तरी लावलीस का? लावली नव्हती. परवा रात्री लावली. तीनदा. बायको दार लावून झोपली.

अरे, स्टॅक्सच्या गाण्यांत टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते, तीही किंचित उशिरा, पान लावणाऱ्यानं चुना पुसता पुसता गप्पा माराव्यात तशी. त्यांचं गाजलेलं गाणं ‘सोल मॅन’ त्याच चालीवर वाढलेलं, आणि आपणही. मधल्या काळात फंकवाल्या जेम्स ब्राऊननं सगळं वजन पहिल्या मात्रेवर आणून टाकलं, दर आवर्तनाला समेवर दणका. त्याचं वारं या रेकॉर्डला लागलंय. बेस पुढं येऊन दंगा करतो, गिटार सूर कमी धरते आणि खरवडते जास्त. मला तेव्हा हा बाटगेपणा वाटला होता. आता वाटतं, चाळिशीला टेकलेली दोन माणसं नव्या ठेक्यावर पाय टाकून बघतायत. आणि गळे तेच, चर्चमधले. सॅम वर चढतो, डेव्ह खालून झेलतो, टाळकऱ्यांनी बुवांची ओळ उचलावी तसा. निर्माता कोण, तर ‘सोल मॅन’मध्ये सॅम ज्याला ‘प्ले इट, स्टीव्ह’ म्हणून हाक मारतो तोच स्टॅक्सचा गिटारवाला, स्टीव्ह क्रॉपर! हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. मी म्हणालो होतो, क्रॉपर काय, उद्या कुणीही येईल. शरम वाटते.

रेकॉर्ड चालली नाही, हे मात्र माझं खरं निघालं. तेवढा एक गुण दे.

स्टेजवर गळ्यात गळा आणि खाली उतरल्यावर वर्षानुवर्षं बोलणं बंद, असे ते दोघं. १९८१ च्या ३१ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचे एकत्र गायले, १९८८ ला डेव्ह मोटार अपघातात गेला. १० जानेवारी २०२५ ला सॅम गेला, तेव्हाच तुला लिहायला घेतलं होतं. ‘प्रिय बाळ्या’पर्यंत आलो आणि कागद घडी करून खिशात ठेवला. शर्ट धुवायला गेला. खोटं नाही सांगत.

तुझं कसं चाललंय? धाकटीचं लग्न ठरल्याचं उडत उडत कळलं, अभिनंदन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? माझी साखर ठीक आहे.

आता रेकॉर्डचं. कुरिअरनं पाठवणार नाही, कडेला आधीच केसाएवढी चीर आहे. दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात टक, टक, टक येतं. ते माळ्यावरचं की तुझ्या खोलीतलं, यावर आपण भांडू शकतो. पंधरा तारखेची गाडी बघतोय, खिडकीची सीट मिळाली तर मांडीवर घेऊन येतो.

मेव्हण्याला आधी तू सांग. जिलबी मी आणतो.

तुझा,
दिल्या