मेणवलीच्या घाटावरून

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी आम्ही चार मैत्रिणी मुलांना घेऊन वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट तुम्ही पाहिलेला आहे, म्हणून वर्णन करीत नाही. १७३९ च्या विजयानंतर वसईहून आलेली ती मोठी घंटा पाहून मुले हरखली, एवढेच सांगते. आई, तू आधी हेच विचारशील म्हणून लिहिते, वर धोम धरण असल्यामुळे मुलांना खालच्या पायऱ्यांवर उतरू दिले नाही.

पिठले-भाकरी आटोपल्यावर मी पिशवीतून बाबांचे ‘राणीची बाग’ हे विंदा करंदीकरांच्या बालकवितांचे पुस्तक काढले. आरंभी मी घाईने वाचत होते आणि मुले पाण्यात खडे टाकत होती. मग आठवले, की विंदा, बापट आणि पाडगावकर यांचे एकत्र काव्यवाचन ऐकून आल्यापासून बाबा, तुम्ही ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबत असा, आमच्याकडे पाहत असा, आणि तो शब्द आम्ही ओरडून पूर्ण करीपर्यंत पुढे सरकत नसा. मी तसेच केले. पहिल्या दोन ठिकाणी कोणी बोलले नाही. तिसऱ्या ठिकाणी धाकट्याने यमक अचूक ओळखले, आणि खडे टाकणारे हात टाळ्यांचा ठेका धरू लागले. मैत्रिणीच्या मुलीने तर पुस्तकात नसलेला, पण चपखल बसणारा शब्द सुचवला, आणि तो मला मूळ शब्दाइतकाच आवडला. आई, तांदूळ निवडताना तू सुपावर बोटांनी ताल धरायचीस, त्याची त्या टाळ्यांत फार आठवण झाली.

निघताना थोरलीने विचारले, “हे पाणी कुठे जाते?” कराडला कोयनेला भेटून ते आजी-आजोबांच्या सांगलीला, आयर्विन पुलाखाली पोहोचते, असे सांगताच तिने पाठ झालेल्या चार ओळी नदीकडे तोंड करून, आजोबांना ऐकू जाव्यात अशा खणखणीत आवाजात म्हटल्या.

बाबा, डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यापासून तुम्ही मोठ्याने वाचणे सोडले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. येत्या रविवारी सायंकाळी सात वाजता मी फोन करीन आणि मुले भोवती बसलेली असतील. चष्मा शोधू नका. पुस्तक इथे आहे, आणि कविता तुम्हाला पाठ आहेत.

तुमची,
लेक