ट्रकचे बॉनेट नव्हे, केबिन पाहा

मा. संपादक,

अमेरिकेतला लांब बॉनेटचा ट्रक सुरक्षित आणि युरोपातला चपट्या तोंडाचा धोक्याचा, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. इंजिन पुढे असले की पहिला मार त्यालाच बसणार, हा त्यामागचा तर्क अर्धाच खरा आहे.

मुळात आकारातला हा फरक लांबीच्या नियमांतून आला. युरोपात ट्रॅक्टर-ट्रेलरची (पुढचा ओढणारा ट्रक आणि मागचा ट्रेलर मिळून) एकूण लांबी 16.5 मीटरच्या आत बसवावी लागते. बॉनेट वाढले की मालाची जागा गेली. अमेरिकेत 1982च्या कायद्यानंतर राष्ट्रीय मार्गजाळ्यावर एकूण लांबीऐवजी ट्रेलरची लांबी मोजतात, म्हणून तिथे लांब नाकाचे ट्रक पुन्हा वाढले.

ते बॉनेट बहुधा फायबरचे असते. त्यामागची चासी आणि इंजिन फारसे दबत नाहीत. चालक वाचतो तो केबिनमध्ये त्याच्यापुरती जागा शिल्लक राहिली आणि सीटचा पट्टा लावलेला असला तर. युरोपात ही जागा केबिनच्या मजबुतीच्या ‘आर-29’ या नियमाने तपासतात. साडेसात टनांवरच्या ट्रकच्या तोंडावर किमान दीड टनाचा लोलक 55 किलोज्यूल ऊर्जेने आदळवतात. तो सीटच्या पातळीला लागतो. पण प्रत्यक्षात अनेकदा पुढच्या ट्रकचा हौदा थेट काचेत शिरतो, म्हणून नंतर काचेच्या दोन्ही खांबांवर आडवा दंडगोल आदळवण्याची चाचणीही आली. छतावर दहा टनांपर्यंत भार देतात. अमेरिकेत अवजड ट्रकच्या केबिनच्या मजबुतीसाठी असा सक्तीचा केंद्रीय नियम नाही, अभियंत्यांच्या संघटनेच्या शिफारशी आहेत. अनेक कंपन्या त्या पाळतात, पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे.

त्याहून गंभीर प्रश्न समोरच्या कारचा. ट्रक-कार टकरीत मरणारे बहुतेक कारमधलेच असतात. बंपर उंच असला की कार त्याखाली घुसते आणि तिचे एअरबॅग, दबणारे भाग कामालाच येत नाहीत. युरोपात 2003पासून नव्या अवजड ट्रकला पुढे, जमिनीपासून 400 मिलिमीटरच्या आत, मजबूत आडवा अडसर सक्तीचा आहे. अमेरिकेत पुढच्या बाजूला तसे बंधन नाही. मागच्या गार्डचा, म्हणजे मागून आलेली कार खाली जाऊ नये म्हणून लावलेल्या आडव्या दांड्याचा, नियम मात्र तिथेही आहे आणि 2022मध्ये तो कडक झाला: ताशी 56 किमी वेगाने आदळलेली कार ट्रेलरखाली जाता कामा नये.

ट्रकच्या बाजूला लावलेल्या आडव्या पट्ट्यांबद्दलही गैरसमज नको. युरोपातल्या त्या पट्ट्या जेमतेम 1 किलोन्यूटन (सुमारे शंभर किलो वजनाइतक्या) जोराला तपासतात. पादचारी आणि सायकलस्वार चाकाखाली जाऊ नयेत एवढ्यासाठीच त्या असतात. कार त्यांनी अडत नाही.

आपल्याकडे मागचे गार्ड नियमात आहे, पण वाकलेले, गंजलेले किंवा उंच वेल्ड केलेले गार्ड रोज रस्त्यावर दिसते. ट्रक अपघाताच्या बातमीत ‘चालकाचा ताबा सुटला’ यावर न थांबता केबिन किती चेपली, पट्टा होता का, गार्ड कुठे तुटले, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे